ओरत्तनाडूची पंधरा मिनिटं

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही. अप्पा भाताच्या गिरणीत वजनकाट्यावर उभे असायचे. मराठा राजांबरोबर इथं तंजावरला आलेले आम्ही, असं ते पाहुण्यांना सांगायचे. पण त्या राजांनी आम्हाला नेमकं काय काम दिलं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. देवनागरी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. मी ती नोकरी लागल्यावर शिकले. ही गोष्ट मराठीत लिहायला इतकी वर्षं लागली त्याचं हे एक कारण. दुसरं कारण असं, की ती लिहावीशीच वाटत नव्हती.

माझी धाकटी बहीण घरातली दुसरी पदवीधर. तिनं डिग्री टपालानं घेतली, घरातलं सगळं करून, त्यात दोन वर्षं जास्त गेली. त्या वेळी गल्लीगल्लीत कॉम्प्युटर शिकवणारी दुकानं निघाली होती आणि चेन्नईतल्या कंपन्या परदेशातली कागदपत्रं टाइप करायला माणसं शोधत होत्या. अशाच एका कंपनीची निवड परीक्षा आमची संस्था दर तीन महिन्यांनी घ्यायची. तंजावरला मुख्य केंद्र, तिरुवैयारु आणि ओरत्तनाडूला एकेक छोटं. पास झालं की थेट चेन्नईत नोकरी. अट एकच कडक होती. परीक्षेच्या दिवशी पंचविसावं वर्ष पुरं झालेलं असता कामा नये. बहिणीला जानेवारीत, पोंगलनंतर चौथ्या दिवशी पंचवीस पुरी होणार होती. कार्तिकातली परीक्षा ही तिची पहिली आणि शेवटची.

मी तंजावरच्या केंद्रात मशीन सांभाळायचे. माझी बहीण म्हणून तिला माझ्या केंद्रात बसता येत नव्हतं. नियमच तसा, आणि तो मला पटत होता. तिचा नंबर ओरत्तनाडूला आला.

त्या वर्षी कंपनीनं एक नवीन अट घातली. तिन्ही केंद्रांवरच्या लिनक्स मशीनची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत, आणि नुसती जुळलेली नव्हे, खात्रीनं जुळलेली. म्हणजे असं, की ओरत्तनाडूच्या मशीननं वेळ विचारायची ती फक्त तंजावरच्या मशीनला. आणि उत्तर आलं तर ते तंजावरचंच आहे हे ओळखायला दोघांमध्ये एक गुप्त किल्ली. किल्ली म्हणजे अक्षरांची एक ओळ, दोन्ही मशीनवर एका फाइलमध्ये ठेवलेली. उत्तराबरोबर तिच्यावरून काढलेली खूण येते. खूण जुळली तर वेळ घ्यायची, नाही तर टाकून द्यायची. मध्येच कोणी खोटी वेळ घुसवू नये म्हणून हे सगळं. ज्या केंद्राला हे जमणार नाही ते या वेळी बंद, आणि तिथले उमेदवार पुढच्या परीक्षेला.

पुढच्या परीक्षेला म्हणजे माझी बहीण कायमची बाहेर. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिरुवैयारुचं मशीन एका दुपारी जुळलं. ओरत्तनाडूचं जुळेना. तंजावरमध्ये बसून मी फोनच्या लाइनवरून त्यात शिरायचे आणि बघायचे. ते वेळ विचारत होतं, तंजावर उत्तर देत होतं, उत्तर पोचतही होतं. मी येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट पडद्यावर मोजली. आणि पोचलेलं उत्तर ते मशीन टाकून देत होतं. खूण चुकीची, एवढंच त्याचं म्हणणं. दिवसाला चाळीस वेळा तेच.

मग मी बसनं जायला लागले. सकाळच्या बसमध्ये भाजीच्या टोपल्या, शाळामास्तर, कचेरीतले कारकून. दोन्ही बाजूंना पाण्यात उभं भात. लोक त्या रस्त्याला सुंदर म्हणतात. मला त्या दहा दिवसांत त्यातलं काही दिसलं नाही.

ओरत्तनाडूचं केंद्र एका खताच्या दुकानावर, माडीवर. तिथले प्रमुख आमच्यातलेच, तंजावरी मराठी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सार, म्हणजे सर, म्हणायचे, मी मामा म्हणायचे. नात्यानं काही नाही, भाषेनं. कपाळाला रोज ताजी विभूती, शर्टाच्या खिशात छोटं पंचांग, आणि शिस्तीचा माणूस. मशीनवर धूळ दिसायची नाही.

"आली का इंजिनीअरबाई?" ते म्हणायचे.

"बी.एस्सी. आहे मी, मामा."

"तेच ते. इंजिनीअर असती तर एव्हाना जुळवलं असतंस."

मी किल्लीची फाइल उघडायचे. तंजावरहून आणलेला कागद शेजारी ठेवायचे. मामा एकेक अक्षर मोठ्यानं वाचायचे, मी पडद्यावर बोट ठेवायचे. सोळा अक्षरं. सोळाच्या सोळा बरोबर. किल्लीचा क्रमांक बरोबर. तिच्यावर भरवसा ठेव असं मशीनला सांगणारी ओळही जागेवर. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू. पाच मिनिटं थांबायचं. खूण चुकीची.

"परत वाचू?" मामा.

"वाचा."

असं आम्ही किती वेळा वाचलं. मला ती सोळा अक्षरं आजही पाठ आहेत. मी लाइनवर संशय घेतला, मॉडेमवर घेतला, दोन मशीनवर प्रोग्रामच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतील म्हणून त्या तपासल्या. वीज गेली की घड्याळ बहकतं म्हणून मशीनमधली बॅटरी बदलली. एवढं करून जागच्या जागी. घरी आले की बहीण विचारायची नाही. ती जेवण वाढायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं झालं असतं. अप्पा मात्र विचारायचे.

"एवढं कॉलेज केलंस, एक घड्याळ लावता येईना?"

त्यांना टोचायचं नव्हतं. खरंच कळत नव्हतं त्यांना. मलाही कळत नव्हतं. चार बुकं शिकले याचा मला जो काही ताठा होता, तो त्या आठवड्यात पार उतरला. संस्थेतले लोक आपसांत बोलायचे, की हिला येत नाही, चेन्नईहून माणूस बोलवा. चेन्नईचा माणूस पंधरा दिवसांनंतरची तारीख देत होता. परीक्षा सात दिवसांवर.

परीक्षेच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, मी मामांना सहज विचारलं, "ही फाइल तुम्ही कशात टाइप केलीत?"

"माझ्या टेबलावरच्या विंडोजमध्ये. फ्लॉपीवर घेतली, इथं टाकली. का?"

मी फाइल अशा पद्धतीनं उघडली की न दिसणारी अक्षरंही दिसावीत. सोळा अक्षरांच्या मागे एक सतरावं होतं. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा खूण ठेवतं. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, लिनक्स मात्र तिला किल्लीचाच भाग समजतं. तंजावरची किल्ली सोळा अक्षरांची, ओरत्तनाडूची सतरा. दहा दिवस आम्ही मोठ्यानं वाचत होतो आणि ते सतरावं कधी वाचलंच जात नव्हतं.

ते पुसलं. प्रोग्राम चालू केला. पाच मिनिटांत घड्याळ जुळलं.

मी खुर्चीत बसून रडले. मामांनी खाली जाऊन कॉफी आणली. "उठ, पी," म्हणाले. "तुझी बहीण चेन्नईला जाईल."

मी त्यांना सांगितलं, की आता या मशीनच्या घड्याळाला हात लावायचा नाही, ते आपोआप तंजावरशी जुळत राहील. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं, जुनी माणसं रेडिओच्या बातम्यांना घड्याळ लावायची तसं, रोज सकाळी एकदा जुळत असेल. ते सतत चालू असतं हे मी सांगितलं नाही. मला ते इतकं उघड वाटलं, की सांगायचं सुचलं नाही.

परीक्षा शनिवारी नऊ वाजता. आमच्याकडं शनिवारी नऊ ते साडेदहा राहुकाळ. त्यात कुणी नवीन काम सुरू करत नाही. मुलगी बघायला जात नाहीत, दुकान उघडत नाहीत, नवी पाटी लावत नाहीत. तंजावरच्या केंद्रात आम्ही नऊलाच सुरू करायचो, कुरकुर ऐकून घ्यायचो. परीक्षेचा प्रोग्राम मशीनच्या घड्याळात नऊ वाजल्याशिवाय उघडत नसे. मामांनी यावर स्वतःचा उपाय काढला होता. मुलांना लवकर बोलवायचं, पावणेनऊला मशीनचं घड्याळ हातानं नऊवर न्यायचं, राहुकाळ लागायच्या आत परीक्षा सुरू करायची, आणि सगळं संपलं की घड्याळ पुन्हा मागं. वेळ बदलायची ती आज्ञा त्यांना मीच शिकवली होती, वीज गेल्यावर लागते म्हणून. मागच्या चारही परीक्षा त्यांनी अशाच सुरू केल्या होत्या. मुलांना पुरे दोन तास मिळायचे, नोंदीत नऊ ते अकरा दिसायचं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि हे कुणाला ठाऊक नव्हतं, मलासुद्धा.

जोवर किल्ली चुकत होती तोवर त्यांची युक्ती बिनबोभाट चालली असती. मी ती किल्ली दुरुस्त केली होती.

त्या शनिवारी पावणेनऊला त्यांनी घड्याळ नऊवर नेलं. एकतीस उमेदवार बसले, माझी बहीण तेविसावी. वेळ जुळवणारा प्रोग्राम असा असतो, की एवढा मोठा फरक दिसला तर तो लगेच विश्वास ठेवत नाही. वीसेक मिनिटं पुन्हापुन्हा विचारून बघतो, आणि खात्री पटली की एका झटक्यात घड्याळ ओढतो. पडद्यावर नऊ बावीस झाले असताना त्यानं ते नऊ सातवर आणलं.

बहीण संध्याकाळी घरी आली ती हसत. दहा दिवसांत पहिल्यांदा.

"अक्का, छान गेला पेपर. सगळं झालं, तपासायलाही वेळ मिळाला."

"तपासायला? दोन तासांत?"

"मध्येच घड्याळ मागं गेल्यासारखं वाटलं. म्हटलं माझेच डोळे. मग म्हटलं, असू दे, आपल्याला काय."

मी ताटावरून उठले.

सोमवारी चेन्नईहून कळवलं. ओरत्तनाडूच्या एकतीसही उत्तरपत्रिका नाकारल्या. प्रत्येकीत वेळ पुढे जाऊन मागे आलेली. शिवाय मुलांना दोन तासांऐवजी सव्वादोन तास मिळालेले. नोंदीत फेरफार झाल्याचा संशय. केंद्राच्या मशीनवरची नोंद मी उघडली. त्यात एक ओळ होती. वेळ मागे घेतली, आठशे नव्व्याण्णव सेकंद. सगळं नियमाप्रमाणं, बरोबर किल्लीनं. माझं काम अगदी चोख झालं होतं.

मी ओरत्तनाडूला गेले. मामांनी काही लपवलं नाही. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ पंचांग खिशातून काढत आणि परत ठेवत राहिले.

"मुलांचं भलं व्हावं म्हणून करत होतो, गं. वाईट वेळी सुरू होऊ नये म्हणून."

"माहीत आहे, मामा."

"मी लिहून देतो. माझं काय, मी म्हातारा माणूस. नोकरी गेली तर गेली."

मी अहवाल लिहिला. इंग्रजीत, चार पानं, आयुष्यात एवढं नीट काही लिहिलं नसेल. कुठल्या क्षणी घड्याळ पुढे नेलं, कुठल्या क्षणी मागे आलं, सगळं नोंदीवरून दाखवलं. आणि उपायही लिहिला. शेवटच्या पंधरा मिनिटांत दिलेली उत्तरं सगळ्यांची काढून टाका, पहिले दोन तास धरा. कुणालाही जास्त वेळ मिळणार नाही, कुणावर अन्याय होणार नाही. बहिणीची तीन उत्तरं जात होती. तरी ती पास होत होती. हे मी मोजून पाहिलं होतं, खोटं कशाला सांगू.

मामा आणि मी दोघं संस्थेच्या संचालकांसमोर उभे राहिलो. संचालक तमिळ, हुशार माणूस, बोलायला रोखठोक. त्यांनी चारही पानं वाचली.

"बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "एक चूक काढता येत नाही."

"मग पाठवा, सार."

"खाली सही कुणाची? तुझी. तेवीस नंबर कुणाचा? तुझ्या बहिणीचा. कबुली कुणाची? यांची. तुम्ही तिघं एकाच भाषेत बोलता. चेन्नईतल्या माणसानं काय समजायचं?"

"नोंद तर मशीनची आहे. दुसऱ्या कुणाकडूनही तपासून घ्या."

"घेईन. समजा त्यानंही हेच सांगितलं." ते मामांकडं वळले. "सार, तुम्ही फक्त याच वेळी घड्याळ पुढं केलंत?"

मामा गणिताचे मास्तर. खोटं बोलले नाहीत. "नाही. पाचही वेळा."

"म्हणजे मागच्या चार परीक्षांत या केंद्रावरून पास झालेली सगळी मुलं, जी आज चेन्नईत काम करतायत, त्यांची नोंदही हातानं बदललेल्या घड्याळाची. हे मी लिहून पाठवू? एक जण तरी राहील का तिथं?"

"त्यांना एक मिनिटही जास्त मिळालेलं नाही," मी म्हटलं.

"हे तू सिद्ध कर. त्या वेळी घड्याळ जुळतच नव्हतं, मग नोंद कुठली?"

नोंद नव्हती. त्या मुलांपैकी दोघींना मी स्वतः शिकवलं होतं. एकीच्या वडिलांनी केळीचा अख्खा घड आणून दिला होता, मुलगी नोकरीला लागली म्हणून.

संचालकांनी दुसरा कागद पुढं केला. आधीच टाइप करून ठेवलेला. ओरत्तनाडूच्या मशीनमध्ये तांत्रिक बिघाड, दुरुस्ती करणाऱ्याकडून वेळेची मांडणी चुकली, परीक्षा रद्द, फेरपरीक्षा पोंगलनंतर पंधरा दिवसांनी. खाली माझं नाव, सहीसाठी जागा.

"फेरपरीक्षेला वयाची अट कुठल्या दिवसाची?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असून.

"परीक्षेच्या दिवसाची. मी कालच फोन केला होता. एकासाठी बदलणार नाहीत म्हणाले." मग कागद माझ्याकडं सरकवत, "बाकीचे तीस जण पुन्हा बसू शकतात. ते तरी बघ."

मामा म्हणाले, "चूक माझी आहे, सही तिची कशाला?"

"कारण तुमची चूक पाच परीक्षांची आहे, सार. तिची एका परीक्षेची."

मी सही केली. जे मी केलं नव्हतं ते केलं म्हणून, आणि जे मला उत्तम आलं होतं ते येत नाही म्हणून. आजही कुणी तो कागद काढला तर त्यावर तेच आहे.

घरी मी बहिणीला सगळं सांगितलं, सहीसकट. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवले नाहीत.

"ती मुलं किती, चेन्नईत?"

"पन्नास-साठ असतील."

"आणि तू सही केली नसतीस तर?"

"त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. तुझं झालं असतं का, ते नक्की नाही."

"नक्की नाही," ती म्हणाली. "म्हणजे थोडं होतं."

मीही तांदळातले खडे वेचायला बसले. अप्पा ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं असावं. त्या दिवसापासून पाहुण्यांना माझ्या कॉलेजबद्दल सांगायचं त्यांनी बंद केलं. मी अजून सांगते. माझ्याशिवाय आता सांगणारं कुणी नाही.

फेरपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात मामा आमच्या घरी आले. ओरत्तनाडूला दारावर हॉलतिकिटं तपासायला माणूस हवा होता. बहीण आता उमेदवार नव्हती, नियम आड येत नव्हता. ते बहिणीकडं न बघता बोलले. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "येते. घरी बसून काय करू?"

आम्ही दोघी त्याच सकाळच्या बसनं गेलो. मी मशीन तपासलं. तंजावरशी फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मामांनी घड्याळाला हात लावला नाही. नऊ वाजले, राहुकाळ लागला, तेव्हा ते माडीच्या जिन्यावर जाऊन उभे राहिले. सुरू करायचं बटण मी दाबलं.

दारापाशी टेबलावर बहीण बसली होती. मुलं आत गेली होती आणि ती हजेरीचा कागद पुरा करत होती. नवीन यादी छापलीच नव्हती, जुनीच पाठवली होती, एकतीस नावांची. तिनं वरपासून एकेक नावापुढं खूण करत आणली. तेविसाव्यावर तिचं पेन थांबेल असं मला वाटलं. थांबलं नाही. तिनं तमिळमध्ये स्वच्छ अक्षरात गैरहजर लिहिलं, आणि चोविसाव्या नावाकडं गेली.